बिनशिलाईचा पोशाख

पांढुर्ण्यात एखाद्याचा हजचा नंबर लागला की त्याची भांडणं बंद होतात आणि बाकी गावाची त्याच्याशी सुरू होतात. हजच्या दिवसांत भांडण करू नये, तोंडातून वावगा शब्द काढू नये, असं कुराणातच सांगितलेलं आहे. एहराम, म्हणजे हजचा पोशाख, बांधल्यावर ही बंधनं सुरू होतात. आमच्या गावानं मात्र सोडतीचा निकाल मोबाइलवर आला त्या घटकेपासून ती लागू करून टाकली, आणि तीही एकतर्फी. हाजीनं भांडायचं नाही. हाजीशी भांडायला मनाई कुठं आहे?

आमच्या गल्लीतल्या टेलरचाचांचा नंबर लागला २०२५ च्या ऑगस्टात, पोळ्याच्या तोंडावर. हज होता पुढच्या मेअखेरीस. मधल्या काळात माणसानं तयारी करायची असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तयारी गाव करतं, माणूस नुसता ‘हौ, हौ’ म्हणत फिरतो.

चाचांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि चाचांचं तोंड. त्यांच्या शिलाईपेक्षा त्यांच्या शिव्या जास्त टिकतात असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि चाचांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे शिवी अपमानासाठी देत नाहीत. वाक्य संपलं हे समोरच्याला कळावं, एवढ्यासाठी ती शेवटी लावतात. नंबर लागल्यावर चाचीनं त्या बंद केल्या. चाचांनी सगळ्या रिकाम्या जागांवर ‘तौबा’ बसवलं. गिऱ्हाईक म्हणालं, ‘चाचा, पँट कमरेत ढिली होऊन राहिली,’ की चाचा छताकडे बघून म्हणत, ‘तौबा!’ दिवाळीपर्यंत गल्लीतल्या पोट्ट्यांना कोणती तौबा कोणत्या शिवीची हे पाठ झालं होतं.

मग भाजीबाजारात बातमी गेली. चाचांनी वांग्याचा भाव पाडून मागितला की बाई म्हणे, ‘हाजी होऊन राहिले ना बाप्पा, मंग चार रुपयांसाठी काहून जीव टाकता?’ चाचा चार रुपये सोडत. एक जण उगवला, म्हणाला, लग्नाआधी तुमच्याकडं सफारीचं कापड दिलं होतं, ते अजून आलं नाही. त्याच्या मुलाचंही लग्न झालेलं. चाचांना ना कापड आठवेना ना माणूस. पूर्वीचे चाचा असते तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच रस्ता दाखवला असता. आता त्यांनी गल्ला उघडला आणि कापडाचे पैसे दिले. त्या आठवड्यात आणखी तिघांना सफारी आठवले.

धंद्याची खरी वाट लावली ती खरं बोलण्यानं. शिंप्याच्या धंद्यात कात्रीच्या खालोखाल हत्यार म्हणजे ‘परवा नक्की’. हाजी खोटं कसं बोलणार? कोणी विचारलं, ‘चाचा, शर्ट कधी?’ की चाचा मशीन थांबवून विचार करत आणि सांगत, ‘काजबटनवाली बाई माहेरी गेली. ती आली तर महिन्यानं, नाही आली तर मले माहीत नाही.’ गिऱ्हाईक दुखावून जाई. ‘असं काय बोलता चाचा, पहिले कसे चांगले परवा म्हणत होते.’ खरी तारीख ऐकायची गावाला सवयच नव्हती.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, सांगायला लागलो तर हज राहून जाईल. अर्ज भरायचा मोबाइलवरच्या हज सुविधा अ‍ॅपवर, हज कमिटीचं मुख्य कार्यालय मुंबईत, आमची राज्य कमिटी भोपाळला आणि विमान नागपूरहून. भोपाळ आमची राजधानी आहे हे आम्हाला मान्यच आहे, पण दवाखाना, सोयरीक, कपडालत्ता आणि आता मक्कासुद्धा नागपूरच्या वाटेनंच. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा केला. आधारवर जुना जिल्हा, तपासणीला आलेला हवालदार नव्या जिल्ह्याचा. त्यानं पत्त्यात फरक का म्हणून विचारलं. चाचा म्हणाले, ‘साहेब, आम्ही हाललो नाही. जिल्हाच हालला.’ शिवाय ‘शेख’ हे नाव सरकारी कागदांवर निदान चार तऱ्हांनी लिहितात आणि चाचांकडे चारही निघाले. पासष्टीच्या वरच्यांना हल्ली सोडतीत न घालता घेतात. चाचांना त्याला तीन वर्षं कमी पडत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण तरुण असल्याचं वाईट वाटलं.

चाचीचा कागद मात्र एका दमात झाला. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना २०१८ पासून, घरचा पुरुष सोबत नसला तरी, चार-चारच्या गटानं हजला जाता येतं. ही माहिती चाचीनं सौसरच्या बहिणीकडून मिळवली आणि जपून ठेवली. चाचांचा आवाज जरा चढला की ती एवढंच म्हणे, ‘सौसरच्या तिघी तयार आहेत.’ आवाज उतरे.

पैशाचं त्याहून अवघड होतं. पहिला हप्ताच माणशी दीड लाखाच्या घरात, आणि तो भरायचा नंबर लागल्याबरोबर. चाचीच्या माहेरच्या वाटणीत सौसरकडची थोडी संत्र्याची झाडं आलेली. पण ऑगस्टात आंबिया बहाराची फळं झाडावर हिरवी, तोडा ऑक्टोबरनंतर. व्यापारी बगिच्यात फिरून इसार देतो तोही झाडाखालची फळगळ मोजून. कर्ज काढून हजला जायची गरज धर्मानं ठेवलेली नाही, उलट आधी असलेली देणी फेडून निघायचं. त्यामुळे चाचीच्या दोन बांगड्या, बगिच्याचा इसार आणि काही उधार गिऱ्हाइकांना कीव येऊन सुटलेली शिलाई, अशी रक्कम जमली. एवढं होऊन चहाच्या टपरीवर एक जण म्हणालाच, ‘तुम्हाले तं सरकारच फुकट नेते ना?’ हजची सबसिडी २०१८ मध्येच बंद झाली. चाचांनी खिशातून बँकेची पावती काढून त्याच्यापुढं धरली. ती पावती त्यांनी इतक्यांना दाखवली की घडीवर फाटली, आणि मग चाचांनी तिला मागून अस्तर लावलं.

आता मुख्य गोष्ट. पुरुषाचा एहराम म्हणजे दोन पांढरी, न शिवलेली कापडं. एक कमरेला, एक खांद्यावर. बस. राजा असो की रिक्षावाला, तिथं पोशाख हाच. बायकांना त्यांचे नेहमीचे शिवलेले कपडे चालतात, म्हणजे चाची शिवलेल्या कपड्यात आणि टेलर बिनशिलाईत.

सौसरचे मामा, म्हणजे चाचीचे भाऊ, हे ऐकून बसलेच. सौसरजवळ बोरगावला रेमंडचा कारखाना आहे. सूटिंगचं कापड तिथून देशभर जातं, आणि मामांची सगळी नोकरी त्यात गेली. ‘बोरगाववाल्याचा जावई दोन टॉवेल गुंडाळून जाईन काय? लोक काय म्हणतीन?’ त्यांना समजावलं की तिथं लाखो पुरुष तसेच असतात, कोणी काही म्हणत नाही. मामांनी मान डोलावली आणि आठ दिवसांनी एक सूटपीस पाठवला. पांढरा.

खरं एहरामचं कापड नागपूरच्या मोमिनपुऱ्यातून आणलं. ते उघडलं तेव्हा मी दुकानात होतो. चाचांनी ते टेबलावर पसरलं, तळहातानं सुरकुती काढली. कडेला सुतं सुटलेली. चाचांच्या अंगठ्यानं काठाची बारीक पट्टी आत दुमडली, नखानं दाब दिला, परत दुमडली. टाचणी ओठात होतीच. दुसरा हात मशीनचं चाक फिरवायला निघाला तेव्हा आतून चाचीचा आवाज आला, ‘हात नका लावू!’ ती तिथं नव्हती. तिला दिसतही नव्हतं. दुकानात नेहमीपेक्षा जास्त शांतता झाली एवढ्यावरून तिनं ओळखलं.

मौलानांना विचारलं. ते म्हणाले, अंगाच्या मापानं बेतून शिवलेला कपडा मना आहे, काठाला टीप मारली म्हणून काही बिघडत नाही. पण मारायची कशाला? चाळीस वर्षांत टीप कशाला मारायची हे चाचांना कोणी विचारलं नव्हतं. ते घरी आले आणि सुटलेली सुतं बघत बसले. रात्री सुद्धा उठून एकदा पाहून आले म्हणतात.

मग नेसायचा सराव. कमरेचं कापड नेसून पट्टा बांधायचा, आणि आत काही घालायचं नसतं. चाचांनी गच्चीवर चालून पाहिलं. त्या दिवशी वारा होता. पुढचं लिहीत नाही.

छापील माहिती आणि मार्गदर्शन यांचा तुटवडा अजिबात नव्हता. तरबियतीचा कॅम्प झाला. पुठ्ठ्याचा काबा करून त्याच्याभोवती तवाफ कसा करायचा ते शिकवलं. सात फेरे, काबा आपल्या डाव्या हाताला. घरी चाचांनी अंगणातल्या पाण्याच्या ड्रमभोवती सराव सुरू केला. शेजारचे गुरुजी दर शनिवारी जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाला जाणारे. ते गच्चीवरून ओरडले, ‘चाचा, उलटं फिरून राहिले! प्रदक्षिणा अशी नसते!’

‘आमची अशीच आहे गुरुजी.’

गुरुजींनी क्षणभर विचार केला. ‘मंग आपण दोघं कुठं सोबत गेलो तर मधात धडकू.’

तरी ते दुसऱ्या दिवसापासून फेरे मोजायला खाली येऊन बसू लागले. गणिताचे मास्तर, निवृत्त, हाताला काम नाही. एकदा सहावा की सातवा यावरून दोघांचं जुंपायची वेळ आली. चाचांना वाद घालायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी नऊ फेरे मारले. शेवटी चाचीनं सात मण्यांची माळ आणून दिली आणि गुरुजींची ही नोकरीही गेली.

चालण्याचा सराव खरोखरच लागतो. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर, शिवाय मिना, अराफात, मुजदलिफा या मुक्कामांमधलं चालणं. आणि २०२६ चा हज येत होता मेअखेरीस, म्हणजे इकडे नवतपा. उन्हाचं आम्हाला काही सांगू नका असं विदर्भाच्या हद्दीवरचा माणूस म्हणणारच. पण २०२४ मध्ये मक्केत पारा ५१.८ वर गेला आणि तेराशेच्या वर हाजी दगावले, ही बातमी चाचीनं कापून ठेवली होती. पुरुषाला एहराममध्ये डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते. म्हणून दोघं एप्रिलात भर दुपारी, छत्र्या उघडून, स्टेशनपासून जाम नदीच्या पुलापर्यंत चालत. पाऊस नाही, ढग नाही. परगावची माणसं रिक्षा थांबवून बघत.

आणि या पुलावरूनच गावाला चाचांचा हेवा वाटायला लागला. कारण हजला दगड मारायचे असतात.

पांढुर्ण्याला दगड म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दिवसभर दगड. गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीत गाठले गेले, अशी कथा सांगतात. माणसं दरवर्षी शेकड्यानं फुटतात आणि चंडीमातेच्या देवळात झेंडा गेला की सगळं मिटतं. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू टाकून पाहिले. चेंडू पोरांनी घरी नेले.

अशा गावातला माणूस सैतानाला दगड मारायला निघालेला. गोटमारीतले जुने नेमबाज स्वतःहून शिकवायला आले. त्यातल्या एकाची डावी भुवई मधोमध तुटलेली, म्हणजे अधिकारी माणूस.

‘किती दगड?’

‘पहिल्या दिवशी सात. मंग रोज एकवीस. एकूण एकोणपन्नास, नाही तर सत्तर.’

‘एवढेच? आमचे तं दहा वाजेपर्यंत तेवढे होते. केवढाले?’

‘हरभऱ्याएवढे.’

तो चाचांकडे बघतच राहिला. ‘हरभऱ्यानं काय होते? त्याले लागन तरी काय?’

चाचांनी समजावलं की आदल्या रात्री मुजदलिफाला उघड्यावर मुक्काम असतो, तिथं खडे वेचायचे. मोठा दगड मारायचा नाही, चप्पल मारायची नाही. पूर्वी खडे मारायच्या जागी खांब होते, २००४ मध्ये गर्दीमुळे खांबांच्या जागी लांबच लांब भिंती बांधल्या.

‘भिंत? मंग नेम कायले लागते?’

‘नाही लागत.’

‘गोफण?’

‘नाही.’

‘आन् तिकडून?’

‘तिकडून काय?’

‘तिकडून दगड येते का नाही?’

‘नाही ना बाप्पा. सैतान दगड नाही मारत.’

भुवईवाला उठला, पँट झटकली, आणि फार वाईट वाटल्याच्या सुरात म्हणाला, ‘मंग तं चाचा, सैतानापेक्षा सावरगाव बरं.’

बॅगांचं काम चाचीकडं. विमानात माणशी चाळीस किलो, दोन बॅगांत मिळून, हातातलं वेगळं. चाचीनं त्यात पांढुर्णा भरायला घेतला. चिवडा, शेवया, सुकवलेली कैरी, ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि घरी भाजून कुटलेला मसाला. मसाल्याला हरकत निघाली. त्यात खसखस होती, आणि सौदीत खसखस न्यायला बंदी आहे. ती अमली पदार्थात जमा. चाचीला हा सरळ घराण्याचा अपमान वाटला. ‘म्हणजे माह्या रश्शात नशा आहे म्हणतात?’ सौसरचे मामा चार घास जास्त खाऊन नुकतेच आडवे झालेले, ते पडल्या पडल्या म्हणाले, ‘आहेच.’ मसाला परत, बिनखसखशीचा कुटला गेला. चव गेली, असं सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, त्यात ज्यांनी चाखला नव्हता तेही होते. बॅगा मोजायला संत्र्याच्या क्रेटचा काटा आणला. काट्यावर बॅग ठेवताच क्रेट मोजणारा हमाल सवयीनं वजनातून दोन किलो कट्टी कापू लागला. चाची म्हणाली, ‘हेच त्या विमानवाल्याले सांगजो.’

लसी, बीपी, शुगर हेही झालं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं त्याच संध्याकाळी पहिली दावत. हजला जाणाऱ्याला नातेवाइकांनी जेवायला बोलवायची पद्धत आहे. सौसर, लोधीखेडा, सावनेर, नागपूर अशी दावत फिरत राहिली, आणि वाटेत वाकीला आणि ताजाबादला ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यांवर चादर. इकडच्या माणसाची पहिली जियारत हीच असते. मोठ्या प्रवासाला निघताना तिथं सांगून जायचं. प्रत्येक दावतीनंतर चाचा एहरामच्या पट्ट्याचं एक भोक पुढं सरकत. नवं भोक पाडायला हत्यार घरचंच.

आणि मग सुरू झाली माफी.

निघण्यापूर्वी ‘कहासुना माफ करना’ म्हणत लोकांची माफी मागायची असते. देणंघेणं फेडायचं, दुखावलेल्यांना भेटायचं. माझ्या मते हजच्या सगळ्या तयारीत हेच सगळ्यात जड सामान, आणि ते बॅगेत जात नाही. इतरांना हे सोपं जातं. सरकारी नोकराची माफी त्याच्या ऑफिसातल्या लोकांपुरती. वकिलाची थोडी लांबते. पण टेलर? गावात लंगोटापलीकडे कपडा घातलेला प्रत्येक माणूस चाचांचा सावकार होता. प्रत्येकाला कधी ना कधी ‘परवा नक्की’ सांगितलेलं. लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेव दुकानाच्या पायरीवर बसून कोट शिवून घेऊन गेलेले. एकाची हळद तर बिनाबाहीच्या कोटात झाली होती.

चाचा मापवही घेऊन घरोघर निघाले. मापवही कारण नावं त्यातच होती. बहुतेकांनी हसून, चहा पाजून माफ केलं. काहींनी माफ केलं आणि लगेच पँट लांब करायला दिली. आता नाही म्हणता येणार नव्हतं.

पण उलट पाहुणे घरी येऊ लागले तेव्हा घोटाळा झाला. चाचीच्या पलंगावर एक गोधडी आहे. उरलेल्या कापडांची. शिंप्याकडं कापड उरतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि विचारलं तर उरलं नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. गोधडी चाचीनं जपून, वर्षानुवर्षं वाढवत नेलेली. गुरुजी हार घालायला आले, पलंगावर टेकले, हात फिरवता फिरवता थांबले. चष्मा लावला.

‘हे माह्या सफारीचं आहे.’

चाचा गप्प.

‘करडं. बारीक चौकडी. बदली झाली तेव्हा शिवला होता. मी म्हटलं होतं, चाचा, नातवाची चड्डी निघन का? तुम्ही म्हणाले, गुरुजी, तुमचीच कशीबशी निघाली.’

बातमी गल्लीत फिरायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही. मग माणसं माफ करायला कमी आणि गोधडी बघायला जास्त येऊ लागली. कोणाला लग्नाचा सूट सापडला, कोणाला शाळेचा गणवेश, एकाला वडिलांच्या कोटाचं कापड दिसलं तो बराच वेळ ते चिमटीत धरून बसला. नवलाची गोष्ट म्हणजे कोणी रागावलं नाही. उलट ज्यांचा तुकडा निघाला नाही ते नाराज झाले. ‘चाचा, आमचं कापड तुम्हाले ठेवण्यासारखं नाही वाटलं?’ चाचीनं गोधडी परत देण्याची तयारी दाखवली. देणार कोणाला? मौलानांनी सांगितलं, ज्याचं त्याला विचारा. ज्याचे त्याचे सगळे पलंगाभोवतीच होते. ठराव झाला की तुकडे राहू द्या, चाचीनं प्रत्येकाला त्याचा तुकडा कोणता ते फक्त दाखवावं. चाचीला सगळे पाठ होते.

पूर्वी लोक आगगाडीनं मुंबईला जायचे, मुसाफिरखान्यात राहायचे, मग बोट. मुघल लाइनच्या बोटी जिद्द्यापर्यंत जायच्या, बोटीनं जाणंच १९९५ मध्ये बंद झालं. तेव्हा माणूस परत येईल की नाही याची खात्री नसे, म्हणून गाव रडून निरोप देई. आता महिना-दीड महिन्यात परत येणार हे पक्कं असल्यामुळे गाव यादी देतं. चाचांनी ती मापवहीतच घेतली. ज्याचं पान त्याच्यापुढं. ‘छाती ३८, कंबर ३६, मुलाला नोकरी.’ ‘छाती ४२, पोट ४६, शुगर.’ ‘गळा १५, बाही २४, सासू.’ सासूचं काय ते लिहिलेलं नाही. गुरुजींनी संत्र्याला भाव मागितला, आणि बदल्यात जामसावळीला चाचांच्या गुडघ्यासाठी नारळ कबूल केला. जमजमचं पाणी परतताना पाच लिटर मिळतं. मागणी गल्लीचीच जवळपास दोन टाकी.

निघायच्या आदल्या दिवशी सावरगावहून एक म्हातारा आला. चाचांच्या वयाचा. तरुणपणी गोटमारीत चाचांचा दगड त्याच्या डोक्याला लागला होता असा चाचांचा समज, आणि त्याचा चाचांना. दोघांनी टोप्या काढून एकमेकांचे व्रण पाहिले. कोणाचा आधीचा हे ठरेना. शेवटी दोघांनी एकाच वेळी माफ केलं, म्हणजे हिशेब नको. मग म्हातारा खाली बसला आणि म्हणाला, ‘लिहा. यंदा झेंडा सावरगावचा.’

चाचांचा हात थांबला. वहीत भुवईवाल्याच्या पानावर आधीच लिहिलेलं होतं, यंदा झेंडा पांढुर्ण्याचा. गळा १६.

त्यांनी चाचीकडं पाहिलं. चाचीनं सांगितलं, ‘दोन्ही लिहा. तुम्हाले काय, तुम्हाले फक्त पोचवाचं आहे.’ चाचांनी लिहिलं. म्हाताऱ्यानं स्वतः वाकून खात्री केली, काठी उचलली आणि दारात वळून विचारलं, ‘कधीपर्यंत होईन?’

चाचांच्या गळ्यात मापाची पट्टी होती, कानावर खडू होता.

‘पोळ्याच्या आधी घेऊन जा,’ चाचा म्हणाले.